‘मान्यता’ कोण कोणाला देतो? विवाह समानता खटल्याच्या मराठी बातम्या : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

विषय आणि मुदत पक्की केली. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या, समलिंगी जोडप्यांच्या विवाहाची कायद्याने नोंद व्हावी म्हणून लढलेल्या, प्रकरणाच्या मराठी दैनिकांतील बातम्या आणि अग्रलेख घ्यायचे. वर्षभराचा सगळा मजकूर ओढत बसलो तर निम्मा भाग दोन ओळींच्या संक्षिप्त बातम्यांचा निघतो, म्हणून चारच खिडक्या, म्हणजे कालखंड, ठेवल्या:

- २५ नोव्हेंबर २०२२ : सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली, त्यापुढचे तीन दिवस
- १२ ते १५ मार्च २०२३ : केंद्राचे प्रतिज्ञापत्र, आणि १३ मार्चला प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे
- १७ एप्रिल ते १२ मे २०२३ : दहा दिवसांची सुनावणी आणि ११ मे रोजी राखून ठेवलेला निकाल
- १७ ते २४ ऑक्टोबर २०२३ : निकाल आणि त्यावरचे अग्रलेख

दैनिकांची नावे संकेतन-तक्त्यात (जिथे प्रत्येक वाक्याला ठरलेल्या खुणा द्यायच्या) ठेवायची नाहीत, फक्त क, ख, ग, घ. संकेतन करणाऱ्याला दैनिक कळले की त्या दैनिकाच्या राजकीय प्रतिमेचा रंग वाक्याला लागतो. नाव, पान क्रमांक आणि लेखक वेगळ्या तक्त्यात, कुलूपबंद.

या नोंदींत जी नमुना वाक्ये येतील ती साचा दाखवण्यासाठी रचलेली आहेत. कुठल्याही दैनिकाचा तो शब्दशः मथळा समजू नये.

८ जानेवारी

संकलन. संकेतस्थळावरचा मजकूर युनिकोडमध्ये मिळतो, पण छापील अंकाची मांडणी तिथे नसते: कोणती बातमी पहिल्या पानावर, किती स्तंभी, चौकटीत काय, हे ई-पेपरमधूनच कळते. ई-पेपरच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की जुन्या फाँटचा कचरा हाती येतो. श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये अक्षराचा आकार असतो, युनिकोडचा संकेत नसतो. परिवर्तक वापरले तर जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

त्यापेक्षा पान ३०० डीपीआयवर चित्ररूपात काढून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीच्या मराठी माहितीसंचाने वाचणे परवडते. दोन अटी आहेत. स्तंभ आधी हाताने कापून घ्यायचे, नाहीतर शेजारच्या स्तंभाची ओळ मध्ये घुसते. आणि मथळे टंकूनच घ्यायचे. मोठ्या, ठळक, कधी काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेल्या मथळ्यात यंत्र सर्वाधिक चुकते, आणि आपला निम्मा अभ्यास तर मथळ्यांचाच.

१० जानेवारी

काल, ९ जानेवारीला, ऑक्टोबर २०२३ च्या नकाराच्या निकालावरच्या पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. न्या. भूषण गवई, न्या. सूर्य कांत, न्या. बी. व्ही. नागरत्ना, न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी खुल्या न्यायालयात नव्हे, दालनात निर्णय केला. मूळ घटनापीठातले फक्त न्या. नरसिंह उरले होते. पाचवी खिडकी वाढवली: ९ ते १२ जानेवारी २०२५.

याच नोंदीत एक इशारा. पुनर्विचारात तपासायचे एवढेच असते की मूळ निकालात उघड दिसणारी चूक आहे का. ‘समलिंगी विवाहाला पुन्हा नकार’ असा मथळा केला तर विवाहाच्या प्रश्नावर नव्याने खल झाला असे वाटते. ‘पुन्हा’ हा शब्द संकेतनात वेगळा टिपायचा.

१३ जानेवारी

सगळा दिवस मजकूर धुण्यात. ज्यांना मराठीवर असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी हा भाग सविस्तर लिहीत आहोत, कारण इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तो नसतो.

पहिला घोळ टोकनचा, म्हणजे यंत्र ज्याला एक शब्द धरते त्या तुकड्याचा. पायथन या संगणकभाषेच्या नेहमीच्या ‘रिगेक्स’मध्ये (मजकुरातले साचे शोधण्याच्या सूत्रांत) शब्दवर्गात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त बसत नाहीत. त्यामुळे ‘समलिंगी’चे ‘समल’ आणि ‘ग’ असे दोन तुकडे होतात, ‘विवाह’चे ‘व’, ‘व’, ‘ह’ असे तीन. वारंवारतेच्या यादीत वरची जागा एकेकट्या अक्षरांनी अडवलेली दिसली की हेच झाले आहे असे समजा. उपाय: अक्षरवर्गाबरोबर चिन्हवर्गही शब्दात धरायचा. अँटकाँक ही शब्दगणनेची प्रणाली वापरत असाल तर टोकनच्या व्याख्येत ‘मार्क’ हा वर्ग आहे का ते पाहा.

दुसरा घोळ ‘ऱ्या’चा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकलेला सापडतो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन शब्द वाटतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची ठरलेली पद्धत) यात काही करत नाही. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘र + हलन्त + जॉइनर’च्या जागी ‘ऱ + हलन्त’ करायचे आणि मगच उरलेले अदृश्य जोडक काढून टाकायचे. उलट केले तर ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एकच होतात. स्वयंपाकी आणि गुरुजी एका पंगतीला बसतात आणि नंतर वेगळे करता येत नाहीत.

तिसरा: ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’. पहिल्यात एकच वर्ण, दुसऱ्यात अ वर चंद्र. यांनाही एनएफसी एक मानत नाही, हाताने नियम लिहावा लागतो. वकिलांच्या युक्तिवादाची वाक्ये शोधताना याच्यामुळे मोठा गट सुटतो.

चौथा: पूर्णविरामावर वाक्य तोडले तर ‘न्या. एस. रवींद्र भट’ यांचीच तीन वाक्ये होतात. संक्षेपांची यादी आधी द्यायची: न्या., ॲड., डॉ., प्रा., आणि सुटी आद्याक्षरे.

१५ जानेवारी

शोधशब्द. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, म्हणून मूळ रूप शोधून भागत नाही. ‘विवाह’ शोधायचा तर विवाहाला, विवाहास, विवाहाच्या, विवाहांना, विवाहाबाबत हे सगळे धरावे लागते. मूळ रूपापुढे तारा (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) लावला की विवाहित, विवाहबाह्य, विवाहसोहळा, विवाहेच्छू हेही येतात. आणि आपली तिसरी खिडकी एप्रिल-मे आहे, म्हणजे ऐन लग्नसराई. ‘लग्न’ शोधले की वऱ्हाडाच्या टेम्पोचा अपघात, सोन्याचा भाव, सामुदायिक विवाह सोहळा, सगळे हजर.

म्हणून जोडीने शोध: ‘समलिंग’, ‘समलैंगिक’, ‘एलजीबीटी’, ‘क्वीअर’ यांपैकी एक, आणि पंधरा शब्दांच्या आत विवाह किंवा लग्न. याने एक प्रकार सुटतो, तो लक्षात ठेवायचा. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय अर्थखात्याने स्पष्ट केले की क्वीअर (लैंगिकतेच्या रूढ चौकटीबाहेरच्या) व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामांकित करण्यास बंधन नाही. ही बातमी विवाहाच्या प्रश्नाचीच पुढची कडी, पण ‘विवाह’ हा शब्द न वापरताही लिहिता येते. अशा बातम्यांचा वेगळा छोटा गट केला. मुख्य मोजणीत मिसळायचा नाही.

‘अनैसर्गिक’ हा शोधशब्द म्हणून काढून टाकला. गुन्ह्यांच्या बातम्यांत लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी हा शब्द सर्रास येतो. तो ठेवला तर खटल्याच्या बातम्या त्या ढिगाऱ्यात बुडतात. मात्र खटल्याच्या बातमीत किंवा पत्रव्यवहारात आला तर टिपायचा: भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ची भाषा, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतरही शिल्लक आहे का, हे त्यावरून कळते.

२० जानेवारी

दिल्लीची बातमी बहुतेक ठिकाणी वृत्तसंस्थेची. एकाच इंग्रजी प्रतीचे पाच अनुवाद म्हणजे पाच स्वतंत्र मते नव्हेत. मोजणीत त्यांना एक ‘कुटुंब’ धरले. ओळखीची खूण: परिच्छेदांचा क्रम तोच, उद्धृते तीच, आकडे तेच.

पण हाच गट अभ्यासाला सर्वांत कसदार. मूळ वाक्य स्थिर आहे, बदलले ते उपसंपादकाच्या टेबलावर. नमुन्यादाखल तीन जागा:

केंद्राने १७ एप्रिल २०२३ च्या अर्जात याचिकाकर्त्यांचे म्हणणे ‘अर्बन एलिटिस्ट’ दृष्टिकोन असल्याचे म्हटले. मराठीत ‘शहरी उच्चभ्रू’, ‘शहरी अभिजन’, ‘शहरी अभिजनवादी’ असे तीन पर्याय सुचतात. पहिल्या दोघांत माणसे उच्चभ्रू ठरतात, तिसऱ्यात मत. मूळ आक्षेप दृष्टिकोनावर होता. ‘उच्चभ्रूंचे थेर’ इथपर्यंत जायला मराठीत फार अंतर नाही, आणि उपमथळ्यात ते अंतर पटकन कापले जाऊ शकते. अवतरणचिन्हे आहेत की नाहीत हे आधी पाहायचे. चिन्हे गेली की सरकारचे म्हणणे वर्तमानपत्राचे होते.

१८ एप्रिलच्या सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड म्हणाले की पुरुष किंवा स्त्री अशी निखळ संकल्पना नाही. प्रश्न केवळ जननेंद्रियांचा नाही, तो त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे. इथे ‘जननेंद्रिये’ घेतले तर वाक्य जीवशास्त्राच्या पातळीवर राहते. ‘गुप्तांग’ घेतले तर तेच वाक्य पोलीस पंचनाम्यासारखे ऐकू येते.

तिसरी जागा आकड्याची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २३ एप्रिल २०२३ च्या ठरावात देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक या कल्पनेच्या विरोधात असल्याचे म्हटले होते. ठरावात सर्वेक्षणाचा आधार नव्हता. बातमीत ‘कौन्सिलचे म्हणणे’ हा धागा पहिल्या वाक्यात आहे, तिसऱ्यात आहे की नाहीच, एवढेच संकेतन करायचे. दशांश चिन्हानंतरचा नऊ वाचकाला मोजमापाचा भास देतो.

२३ जानेवारी

संकेतन-तक्त्याचा गाभा आज बसला. आधीची मांडणी ‘अनुकूल / प्रतिकूल / तटस्थ’ अशी होती. ती टाकून दिली. खटल्याच्या बातम्यांत शिवराळ शब्द विरळाच, त्यामुळे जवळपास सगळे ‘तटस्थ’ पडते आणि हाती काही लागत नाही. जे घडते ते व्याकरणात.

‘मान्यता’ हा शब्द घ्या. इंग्रजी बातमीत ‘लीगल रेकग्निशन’ असते, म्हणजे कायद्याच्या दप्तरी दखल. मराठीत ‘मान्यता’ एकाच वेळी कायद्याची दखल आणि समाजाची पसंती. शाळेला मान्यता मिळते, घरच्यांची लग्नाला मान्यता असते. त्यामुळे ‘समलिंगी विवाहाला मान्यता नाही’ हे वाक्य कायद्याचे असूनही नापसंतीचे ऐकू येते. वर ते ‘गुन्हा आहे’ याच्याही जवळ सरकते, जे २०१८ पासून खरे नाही. निकालाच्या बातमीत ‘संबंध गुन्हा नाहीत’ हे कुठे तरी स्पष्ट केले आहे का, असा स्वतंत्र रकाना ठेवला.

शिवाय मान्यतेला देणारा लागतो. तो कोण, यावरून चार साचे:

अ) ‘सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार’ : न्यायालय कर्ता, विवाह कर्म, माणसे गायब.
आ) ‘समलिंगी विवाहाला मान्यता नाही’ : देणाराही गायब. निसर्गनियमासारखे वाक्य.
इ) ‘चेंडू संसदेच्या कोर्टात’ : दोन संस्थांचा खेळ. ज्यांनी याचिका केली ते प्रेक्षकही नाहीत, चेंडू आहेत.
ई) ‘समलिंगी जोडप्यांना विवाहनोंदणी करता येणार नाही’ : माणसे वाक्यात आली, आणि ‘मान्यता’ जाऊन ‘नोंदणी’ आली.

ई प्रकारातला ‘नोंदणी’ हा शब्द मागणीच्या सर्वांत जवळचा आहे. याचिकाकर्त्यांचा मुख्य भर विशेष विवाह कायदा, १९५४ वर होता. त्याच्या कलम ४ मध्ये ‘पुरुष २१, स्त्री १८’ अशी वयाची अट आहे. ती लिंगनिरपेक्ष वाचावी, म्हणजे त्याच कचेरीत, त्याच नोंदवहीत नोंद व्हावी, असे म्हणणे होते. ‘समलिंगी विवाह कायदा करा’ अशी मागणी असल्यासारखी वाक्यरचना आली तर ‘मागणीचे चुकीचे रूप’ या रकान्यात खूण.

‘सर्वोच्च नकार’, ‘सर्वोच्च धक्का’ या श्लेषांना वेगळा रकाना. मराठी मथळ्याची ही जुनी हौस. संस्थेच्या नावातले विशेषण नकाराला चिकटते आणि नकाराची उंची वाढते. आणि ‘धक्का’ असेल तर ‘कोणाला’ हे लिहिले आहे का तेही पाहायचे.

२८ जानेवारी

दोघांनी तीच शंभर वाक्ये वेगवेगळी संकेतली की किती जुळते, याचा हिशेब कोहेनच्या कप्पाने (योगायोगाची जुळणी वजा करणाऱ्या मापाने) करायचा, नुसत्या टक्केवारीने नाही. कारण समजावे म्हणून साधे आकडे घेऊ. शंभरांपैकी ८८ वाक्यांना दोघांनी ‘खूण नाही’ म्हटले, २ ना दोघांनी ‘खूण आहे’, आणि उरलेल्या १० त मतभेद, पाच इकडे पाच तिकडे. जुळणी ९० टक्के, ऐकायला झकास. पण दोघेही १०० पैकी ९३ वेळा ‘नाही’ म्हणत असतील तर नुसत्या योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.९३ चा वर्ग अधिक ०.०७ चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.८७. कप्पा = (०.९० − ०.८७) ÷ (१ − ०.८७), म्हणजे ०.२३ च्या आसपास. हे संकेतन टाकाऊ. दुर्मीळ खुणांसाठी नमुना असा निवडायचा की त्यात खूण असण्याची शक्यता असलेली वाक्ये जास्त यावीत, आणि ०.७ च्या खालचा रकाना व्याख्या पुन्हा लिहिल्याशिवाय पुढे न्यायचा नाही.

सर्वाधिक मतभेदाची जागा: ‘विरोध’. ‘केंद्राचा विरोध’ हे वार्तांकन की चौकट, म्हणजे वाचकाने कसे पाहावे हे ठरवणारी मांडणी? नियम असा केला की १० मे २०२३ च्या माहितीला कसोटी मानायचे. त्या दिवशी केंद्राने सांगितले की सात राज्यांची उत्तरे आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांचा विरोध. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी आणखी वेळ मागितला. आता ‘राज्यांचा विरोध’ म्हटले तर तीनाचे सरसकट ‘राज्ये’ झाले. वेळ मागणारा महाराष्ट्र मराठी दैनिकाच्या बातमीत कितव्या परिच्छेदात येतो, तेही नोंदवायचे.

३१ जानेवारी

उद्गारक्रियापदे. म्हणाले, सांगितले, नमूद केले, स्पष्ट केले, दावा केला, सुनावले, खडसावले, ठणकावले. ‘स्पष्ट केले’ म्हटले की पुढचे विधान लेखकाने खरे मानले आहे. ‘दावा केला’ म्हटले की हातभर दूर ठेवले आहे. मोजताना एकेका पक्षासाठी वेगळे मोजायचे: केंद्राची बाजू मांडणारे महान्यायअभिकर्ता तुषार मेहता, याचिकाकर्त्यांचे वकील, न्यायमूर्ती. सुनावणीतील तोंडी शेरा आणि लेखी निकाल हे दोन स्रोत कधीही एकत्र करायचे नाहीत. न्यायमूर्ती प्रश्न विचारतात ते अनेकदा वकिलाला चाचपण्यासाठी; त्याचे ‘न्यायालयाने सुनावले’ झाले की शेऱ्याचा आदेश होतो.

४ फेब्रुवारी

निकालाच्या खिडकीत तथ्यतपासणीचा तक्ता लागतो, कारण इथे चौकट आणि चूक एकमेकांत मिसळतात. १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल चार निकालपत्रांचा आहे: सरन्यायाधीश चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट (न्या. हिमा कोहली सहमत) आणि न्या. नरसिंह.

विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही एकमताने. विशेष विवाह कायद्यात न्यायालयाने फेरफार करायचा नाही, यावरही पाचही. भिन्नलिंगी नात्यातील पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींना आहे त्याच कायद्यांखाली विवाह करता येतो, यावरही एकमत. ३ विरुद्ध २ हा आकडा नागरी सहजीवनाला (विवाहाऐवजी ‘सिव्हिल युनियन’ला) मिळायच्या दर्जापुरता आणि दत्तक नियमापुरता, म्हणजे अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेता येईल का यापुरता. तिथे सरन्यायाधीश आणि न्या. कौल अल्पमतात.

‘३-२ ने समलिंगी विवाह फेटाळला’ हे म्हणून चुकीचे. परिणाम दुहेरी: ‘थोडक्यात हुकले’ अशी आशाही पेरली जाते आणि एकमताचे वजनही लपते. दुसरी गोम वेळेची. सरन्यायाधीशांनी आधी वाचन केले, त्यामुळे त्या पहिल्या तासाच्या संकेतस्थळ-बातम्यांत अल्पमताचा भाग निकाल म्हणून येण्याची शक्यता होती, विशेषतः दत्तकाबद्दल. म्हणून प्रत्येक ऑनलाइन बातमीला वेळ टिपायची आणि दुरुस्तीनंतरची प्रत वेगळी ठेवायची.

पारलिंगी व्यक्तींचा मुद्दा ‘तृतीयपंथीयांना विवाहास परवानगी’ असा आला तर दोन खुणा: एक ‘परवानगी’साठी (नवे काही दिलेले नाही, आहे तो हक्क सांगितला), दुसरी सगळ्यांना ‘तृतीयपंथी’ म्हणण्यासाठी.

१२ फेब्रुवारी

जोडीवाचक शब्द. ‘दांपत्य’ मध्ये दंपती, म्हणजे पती-पत्नी. ‘समलिंगी दांपत्य’ लिहिणाऱ्याने, नकळत का होईना, विवाह मान्यच केला. ‘युगुल’ म्हटले की पुढे ‘प्रेमी’ नसले तरी ऐकू येते, आणि प्रेमीयुगुल आपल्या दैनिकांत पळून जाते, घाटात सापडते. ‘जोडपे’ मधला आणि सर्वांत निरुपद्रवी, शिवाय नपुंसकलिंगी असल्याने क्रियापदाचा लिंगप्रश्नही सुटतो. एकेकट्या व्यक्तीवर वाक्य आले की तो सुटत नाही. मराठी क्रियापद ‘आला / आली / आले’ सांगितल्याशिवाय हलत नाही. दोन स्त्रियांसाठी ‘दोघी’ ऐवजी सवयीने ‘दोघे’ पडले तर खूण करायची.

‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ अदलाबदलीने येतात, पण कानाला सारखे नाहीत. पहिल्यात लिंग आहे, दुसऱ्यात लैंगिक. ‘समलैंगिक विवाह’ म्हटले की विवाहातला तोच एक भाग पुढे येतो. एका बातमीत दोन्ही आले तर मथळ्यात कोणता आणि मजकुरात कोणता ते वेगळे लिहायचे. मथळा सहसा दुसऱ्याच कोणी लिहिलेला असतो.

१८ फेब्रुवारी

विशेषशब्दांची (तुलनेच्या मजकुरापेक्षा इथे ठळकपणे जास्त येणाऱ्या शब्दांची) गणना लॉग-लाइकलिहूडने, म्हणजे हा फरक किती ठळक ते सांगणाऱ्या मापाने. उंबरठा १५.१३ ठेवला; ६.६३ घेतला तर यादी लांबते आणि निम्मे शब्द ‘घटनापीठ’, ‘युक्तिवाद’, ‘सुनावणी’ निघतात. तो दोष उंबरठ्याचा कमी, तुलनेच्या मजकुराचा जास्त. सर्वसाधारण बातम्यांशी तुलना केली की खटल्याची भाषा वर येते, समलिंगी विवाहाची नाही. म्हणून तुलनेला दुसऱ्या घटनापीठ-खटल्यांच्या बातम्या घ्यायच्या. कलम ३७० वरची सुनावणी ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली आणि निकाल ११ डिसेंबर २०२३ ला लागला, तीही पाच न्यायमूर्तींपुढे. काळ जवळचा, वार्ताहर बऱ्याच अंशी तेच. न्यायालयीन शब्द दोन्हीकडे असल्याने एकमेकांना छेदतात आणि ‘संस्कृती’, ‘कुटुंब’, ‘मान्यता’, ‘निसर्ग’ यांची खरी जागा दिसू शकते. ‘संसद’ मात्र दोन्ही खटल्यांत भरपूर आहे. तिचा अर्थ गणनेतून काढायचा नाही, वाक्ये उघडून वाचायची.

२० फेब्रुवारी

छायाचित्रांचा तक्ता बाकी. ‘संग्रहित’ असे लिहिलेले चित्र निकालाच्या बातमीला लावले तर ते कधीचे, कुठले, आणि त्यातल्या माणसांचा खटल्याशी संबंध आहे का, हे तीन रकाने. चेहरे ओळखू येत असतील तर ते चित्र आमच्या संचात साठवायचे नाही, फक्त वर्णन लिहायचे. ख दैनिकाच्या १८ ऑक्टोबर २०२३ च्या अंकाचे पान ९ पुन्हा स्कॅन करायचे; घडीची रेघ नेमकी उपमथळ्यावरून गेली आहे.